ते इंजिन जरा आत का सरकवलं नाही?

आमच्या फिल्म सोसायटीत मध्यंतरी चार्ल्स बर्नेटचा ‘किलर ऑफ शीप’ दाखवला. कृष्णधवल, दीड तासाहूनही लहान. लॉस एंजेलिसच्या वॉट्स या काळ्यांच्या वस्तीतल्या, कत्तलखान्यात काम करणाऱ्या एका माणसाची गोष्ट. दिवे लागले, चहाचे कागदी कप फिरले आणि नेहमीसारखी चर्चा सुरू झाली. एक निवृत्त प्राध्यापक उठले. म्हणाले, सिनेमा सुरेख आहे, पण भूमिका कुठे आहे? ज्या वॉट्समध्ये १९६५च्या ऑगस्टमध्ये उठाव झाला, ३४ माणसं मेली, त्याच वस्तीत हा दिग्दर्शक कॅमेरा घेऊन जातो आणि काय दाखवतो, तर नवरा-बायकोचा नाच, पंक्चर झालेली मोटार, मातीत खेळणारी पोरं. वंशभेदावर एक शब्द नाही! मागच्या रांगेतली एक मुलगी तावातावाने म्हणाली, “सर, हेच तर त्याचं मोठेपण आहे. तो वंशाच्या पलीकडे जाऊन माणसाची गोष्ट सांगतो.” मग पाऊण तास दोन तट पडून खडाजंगी झाली. ज्यांना मुळात ‘काहीच घडत नाही’ म्हणून कंटाळा आला होता, ते मोबाइलमध्ये डोकं घालून बसले.

मला विचाराल तर हे दोघं एकमेकांशी भांडतच नव्हते. दोघांची समजूत एकच होती. वंशभेद म्हणजे एखादी घटना: लाठी, फासाचा दोर, भर रस्त्यात दिलेली शिवी, कोर्टातलं लांबलचक भाषण. तसं काही पडद्यावर आलं नाही म्हणून सरांना सिनेमा अपुरा वाटला, आणि आलं नाही म्हणूनच त्या मुलीला तो ‘पलीकडचा’ वाटला. पण ज्याच्या वाट्याला वंशभेद येतो, त्याच्या घरी तो वर्षातून एकदा येणारा पाहुणा नसतो. तो घरभाड्यात असतो, कामावर जायला लागणाऱ्या वेळेत असतो, आई मुलावर खेकसते त्या सुरात असतो. रोजच्या जगण्याची, नात्यांची बारकाईने सांगितलेली गोष्ट त्याला जितकं अचूक पकडते तितकं भाषण पकडू शकत नाही, असं माझं म्हणणं आहे. आणि अशी गोष्ट वाचकाला किंवा प्रेक्षकाला सुटकाही कमी देते.

आता त्याच सिनेमातला एक प्रसंग घ्या. स्टॅन हा नायक. तो चेक वटवतो आणि मित्राबरोबर मोटारीचं एक जुनं इंजिन विकत घ्यायला जातो. दोघं मिळून ते अवजड धूड जिन्यावरून खाली आणतात, धापा टाकत, मध्ये टेकवत. छोट्या ट्रकच्या मागच्या बाजूला ते कसंबसं चढतं, पण अगदी कडेला राहतं. आणखी आत ढकलायला हवं, हे दोघांनाही दिसतं. पण मित्राचं बोट चेंगरलेलं, दम संपलेला. राहू दे, काही होत नाही. रस्ता चढाचा. गाडी सुरू होते, हिसका बसतो आणि इंजिन रस्त्यावर आपटतं. उतरून बघतात तर ते फुटलेलं, आता काही उपयोगाचं नाही. दोघं पुन्हा गाडीत बसून निघतात. कॅमेरा ट्रकच्या मागच्या भागात बसलेला असतो. रस्त्यावर पडलेलं इंजिन लहान लहान होत जातं.

या प्रसंगात गोरा माणूस नाही, पोलीस नाही, शिवी नाही. मग वंश आला कुठून? जरा विचारून बघा, की रोज कामावर जाणाऱ्या, दारू-जुगारात पैसे न उडवणाऱ्या माणसाला चालती गाडी का घेता येत नाही? आणि गाडी हवीच कशाला? वॉट्समध्ये गाडी ही चैन नव्हती. १९६५च्या उठावानंतर नेमलेल्या सरकारी आयोगानेच लिहून ठेवलं की तिथली बससेवा इतकी अपुरी आहे की माणसांना कामापर्यंत पोहोचणंच अवघड होतं. मग कामाच्या जवळ राहायला का गेले नाहीत? उठावाच्या जेमतेम नऊ महिने आधी, नोव्हेंबर १९६४मध्ये, कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी घरविक्रीत वंशभेद करायला मनाई करणारा राज्याचा कायदा सुमारे दोनास एक अशा मताधिक्याने उलथवून टाकला होता. मतपेटीतून, शांतपणे. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तो प्रकार घटनाबाह्य ठरवला, पण तोवर कुणाला कुठे राहू द्यायचं हे ठरून गेलं होतं. या सगळ्याचं वजन त्या इंजिनात आहे आणि ते दोघं ते जिन्यावरून उतरवतायत. स्टॅनला हे कुणी समजावून सांगत नाही. उलट ‘तू गरीब’ म्हटल्यावर तो चिडतो. मी गरीब नाही, मी जुन्या वस्तू दान देतो, असं ऐकवतो. आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत हे वाक्य जसंच्या तसं चालून जाईल.

बर्नेट त्याच वस्तीत वाढलेला. विद्यापीठाच्या पदवीसाठी त्याने हा सिनेमा केला, बराचसा शनिवार-रविवारी, ओळखीची माणसं आणि गल्लीतली पोरं घेऊन, दहा हजार डॉलरहून कमी खर्चात. त्याच काळात अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत चामड्याचे कोट घातलेले, पिस्तूल चालवणारे काळे नायक धो धो धंदा करत होते. त्यांच्यात ‘संघर्ष’ भरपूर होता. इकडे पोरं पडीक जागेत मातीत खेळतात आणि मागे पॉल रोबसन या काळ्या गायकाचं गाणं वाजतं. अमेरिका म्हणजे माझ्या लेखी काय, असा प्रश्न विचारणारं. ज्या देशाचं गाणं हा माणूस गातोय, त्या देशाने त्याचा पासपोर्ट १९५० ते १९५८ अडकवून ठेवला होता. म्हणजे भूमिका हवी असेल तर ती तिथे आहे, फक्त ओरडत नाही. याच गाण्यांच्या हक्कांपायी सिनेमा अडकला. १९७७मध्ये पुरा झालेला, आणि चित्रपटगृहात रीतसर लागला २००७मध्ये. हक्क सोडवायला सिनेमाच्या खर्चाच्या पंधरापट पैसे लागले.

प्राध्यापकांच्या बाजूने बोलायचं तर बोलण्यासारखं बरंच आहे, आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. हा वाद आजचा नाही. १९३७मध्ये झोरा नील हर्स्टन या लेखिकेची कादंबरी आली. फ्लॉरिडातल्या एका काळ्या बाईची तीन लग्नं, ओट्यावरच्या गप्पा, शेवटी वादळ. रिचर्ड राइट या काळ्या लेखकाने तिचं परीक्षण लिहिताना ती सपशेल मोडीत काढली: हिला ना विषय, ना संदेश, ना विचार. राइट हा काही ऐरागैरा टीकाकार नव्हता. तीन वर्षांनी त्याची ‘नेटिव्ह सन’ आली, शिकागोतल्या बिगर थॉमस नावाच्या तरुणाच्या हातून झालेल्या खुनांची कादंबरी, आणि अमेरिका हादरली. राइटचं दुखणं खरं होतं. आपल्या आधीच्या कथासंग्रहाबद्दल त्याने स्वतःच लिहिलंय की बँकवाल्यांच्या मुलींनी वाचावं, रडावं आणि हलकं वाटून घ्यावं असं पुस्तक आपल्या हातून झालं. पुढचं पुस्तक असं लिहीन की कुणाला अश्रूंचा आधार मिळणार नाही, ही त्याची प्रतिज्ञा. रोजच्या जगण्याच्या हळुवार गोष्टींवरचा हा सगळ्यात जड आक्षेप आहे, आणि मला तो मान्य आहे. ‘अरे, हीसुद्धा आपल्यासारखीच माणसं!’ असं म्हणत पुस्तक मिटायचं आणि शांत झोपायचं, ही सोय अशा गोष्टी पुष्कळदा करून देतात.

दुसरंही एक मान्य. काही वेळा ओरडावंच लागतं. १९५५मध्ये मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या काळ्या मुलाला गोऱ्यांनी मारून नदीत फेकलं. त्याच्या आईने, मेमी टिलने, शिकागोत त्याची शवपेटी उघडी ठेवली. माझ्या मुलाचं काय केलंय ते सगळ्यांना बघू द्या. तो चेहरा छापून आला आणि एका पिढीने तो विसरला नाही. त्या बाईने त्याऐवजी मुलाच्या न्याहारीची आठवण सांगायला हवी होती, असं कोण म्हणेल? तिसरी गोष्ट, इंजिनाबद्दल मी वर जे लिहिलं ते मला ठाऊक होतं म्हणून दिसलं. ठाऊक नसलेल्याला तो नुसता विनोदी प्रसंग वाटू शकतो. आमच्या सभागृहात दोघं-तिघं हसलेही.

तरीही, ज्यांना ‘संदेश’ हवा असतो त्यांनी संदेशाचं पुढे काय होतं तेही पाहावं. गुलामगिरीविरुद्धची सगळ्यात गाजलेली कादंबरी, ‘अंकल टॉम्स केबिन’, १८५२मध्ये पुस्तकरूपाने आली. पहिल्याच वर्षी एकट्या अमेरिकेत तीन लाख प्रती खपल्या. हेतू निर्मळ, संदेश स्पष्ट, अश्रूंचा पूर. पण पात्रं कशी? एक देवभोळा सोशिक म्हातारा, एक अवखळ काळी पोर, एक क्रूर मालक. माणसं कमी, नमुने जास्त. ती रंगभूमीवर गेली, तोंडाला काळं फासलेले गोरे नट टॉम होऊन नाचू-गाऊ लागले, आणि गुलामगिरी संपल्यावरही कित्येक दशकं हे ‘टॉम शो’ गावोगाव चालले. कादंबरीचा संदेश खाली गळून पडला, नमुना शिल्लक राहिला. आज कुणा काळ्या माणसाला ‘अंकल टॉम’ म्हणणं ही शिवी आहे. असल्या लेखनाने माणूस हरवतो आणि फक्त वर्गवारी उरते, हे जेम्स बाल्डविन या काळ्या लेखकाने १९४९मध्ये सांगितलं. सांगताना त्याने ‘नेटिव्ह सन’लाही त्याच पंक्तीत बसवलं. राइटशी त्याचं वितुष्ट आलं ते यावरूनच. बाल्डविन जरा कठोरच झाला असं मला वाटतं, बिगर थॉमसच्या डोक्यातली भीती राइटने जशी लिहिलीय तशी सहज कुणाला जमत नाही. पण त्या कादंबरीचा तिसरा भाग, जिथे वकील पानंच्या पानं बिगरचा अर्थ समजावून सांगतो, तो आज कोण आवडीने वाचतं?

आणि घटनांच्या गोष्टींमधली खरी मेख वेगळीच आहे. तिथे खलनायक इतका ठळक असतो की वाचणारा आपोआप निर्दोष सुटतो. दोर हातात घेतलेला माणूस बघून कुणाला वाटतं, हा मी आहे?

लॉरेन हॅन्सबेरीने हे ओळखलं होतं. तिचं ‘अ रेझिन इन द सन’ मार्च १९५९मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवर आलं, काळ्या स्त्रीने लिहिलेलं तिथलं पहिलं नाटक. शिकागोच्या साउथ साइडमधलं यंगर कुटुंब. पाच माणसं, कोंदट जागा, मुलगा बाहेरच्या खोलीत सोफ्यावर झोपणारा, बाथरूम बाहेर आणि शेजाऱ्यांबरोबर सामाईक. पडदा उघडतो तो गजराने. शेजारचा घुसायच्या आत बाथरूम गाठायची म्हणून आई पोराला उठवतेय. गिरगावात किंवा लालबागला वाढलेल्या माणसाला हा प्रवेश समजावून सांगावा लागत नाही. नवऱ्याला बायको विचारते, अंडी कशी करू? तो सांगतो, ढवळलेली नकोत. ती ढवळायला घेते. सगळा संसार त्या तव्यावर आहे. पुढे वारलेल्या वडिलांच्या विम्याचे दहा हजार डॉलर येतात, आणि म्हातारी त्यातून गोऱ्यांच्या वस्तीत घराचा विसार देते. मग एक दिवस दार वाजतं. त्या वस्तीच्या रहिवासी संघटनेचे गृहस्थ आलेत, कार्ल लिंडनर. सुटाबुटातले, अवघडलेले, अतिशय नम्र. घरचे त्यांना बसायला खुर्ची देतात, काही घेणार का विचारतात. लिंडनर आडवळणाने सांगतात की माणसं आपापल्या लोकांत सुखी असतात, तुमचं घर आम्ही तुम्हाला फायदा होईल अशा किमतीत परत घेतो. यात वंशद्वेषाचा काही संबंध नाही, हेही ते आवर्जून सांगतात.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. हॅन्सबेरीच्या वडिलांनी १९३७मध्ये खरोखरच अशा वस्तीत घर घेतलं होतं. घरासमोर जमाव जमला, वीट भिरकावली गेली ती छोट्या लॉरेनला लागता लागता राहिली, आई रात्री पिस्तूल घेऊन जागायची. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला, १९४०मध्ये तांत्रिक मुद्द्यावर जिंकला, पण काळ्यांना घर न विकण्याचे करार काही रद्द झाले नाहीत. म्हणजे जमाव, वीट, पिस्तूल, न्यायालय, सगळा नाट्यमय ऐवज हिच्या घरचा होता. यातलं काही तिने रंगमंचावर आणलं नाही. लिंडनर आणला. का? कारण समोर बसलेल्या प्रेक्षकांत विटा फेकणारे थोडे होते. लिंडनर पुष्कळ होते.

त्या नाटकाला एक प्रेक्षक असा लाभला की त्याची गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. ब्रॉडवेआधी फिलाडेल्फियात प्रयोग चालू असताना एफबीआयने आपला माणूस नाटक बघायला पाठवला. हॅन्सबेरी डाव्या चळवळीतली, तिच्यावर पाळत होती, तिची फाइल पुढे हजार पानांवर गेली. या माणसाने अहवाल दिला की नाटकात कम्युनिझमबद्दल काही नाही, ते मुख्यतः काळ्या लोकांच्या आकांक्षा आणि पुढे येताना त्यांना येणाऱ्या अडचणींविषयी आहे. म्हणजे धोका नाही! सरकारी हेराला घोषणा शोधायला शिकवलेलं असतं. घोषणा नाही म्हणजे राजकारण नाही. आमचे प्राध्यापक मनाने अर्थातच दुसऱ्या टोकाचे, पण नाटक-सिनेमा वाचायची पद्धत त्यांची आणि त्या हेराची तंतोतंत एक, हे मी त्यांना त्या दिवशी तोंडावर म्हणालो नाही. म्हणायला हवं होतं.

आता ‘वंशाच्या पलीकडे’ म्हणणाऱ्या मुलीकडे वळतो. हॅन्सबेरीलाही कौतुकाच्या सुरात हेच ऐकवलं गेलं: हे काळ्यांचं नाटक वाटतच नाही, कुणाचंही वाटतं. तिने उत्तर दिलं ते साधारण असं, की सगळ्यांना भिडायचं तर आधी एका विशिष्ट घराकडे, विशिष्ट गल्लीकडे फार बारकाईने बघावं लागतं. या स्तुतीत एक गोम आहे. गोऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाच्या न्याहारीवरची कादंबरी वाचून ‘ही गोरेपणाच्या पलीकडची आहे’ असं कुणी म्हणतं का? ते आपोआपच ‘माणसाचं’ असतं. दुसऱ्याला मात्र माणूस व्हायला कुठून तरी निघून पलीकडे यावं लागतं, आणि येताना सामान दारात ठेवावं लागतं.

ग्वेंडोलिन ब्रूक्सची ‘मॉड मार्था’ नावाची छोटीशी कादंबरी आहे, १९५३ची. ब्रूक्स कवयित्री, पुलित्झर हा अमेरिकेतला मानाचा पुरस्कार मिळवणारी पहिली काळी व्यक्ती. ३४ लहान लहान प्रकरणं, शिकागोतल्या एका साध्या बाईचं आयुष्य: उंदीर सापळ्यात सापडतो, लग्न होतं, मुलगी होते. राइटच्या मापाने ना विषय ना संदेश. त्यात एका प्रकरणात मॉड मार्था आपल्या मुलीला मोठ्या दुकानात नाताळबाबा बघायला नेते. गोऱ्या मुलांना तो मांडीवर घेतो, गालगुच्चे घेतो, खदखदून हसतो. हिची पाळी येते तेव्हा तो हात चोळतो आणि इकडेतिकडे बघायला लागतो. मुलगी भेटवस्तूंची यादी सांगते आहे आणि त्याला ती दिसतच नाही. “माझी मुलगी तुमच्याशी बोलतेय,” आईला म्हणावं लागतं. घरी जाताना मुलगी विचारते, त्याला मी का आवडले नाही? आणि आई शांतपणे खोटं बोलते, आवडलीस ना, नाताळबाबाला सगळी मुलं आवडतात. आतून तिला कात्री घेऊन त्याच्यावर धावून जावंसं वाटतंय. ही आई-मुलीची गोष्ट, की वंशभेदाची? हा प्रश्नच चुकलेला आहे ना? ते खोटं बोलणं हेच त्या आईपणाचं रूप आहे. वंश वजा केला तर उरणारी आई ही आई नाहीच, शुभेच्छापत्रावरचं चित्र आहे. आणि यातला गुन्हेगार कोण? हात चोळणारा, पोटापाण्यासाठी दाढी चिकटवलेला एक माणूस. त्याच्यावर कुठल्या कोर्टात खटला भरणार?

बाजाराला हे मानवत नाही. काळ्या लेखकाकडे त्याला वस्ती, बंदूक आणि बिनव्याकरणाची भाषा हवी असते. पर्सिव्हल एव्हरेटने २००१च्या ‘इरेजर’ कादंबरीत याचीच टर उडवली: पुरेसा ‘काळा’ नाही म्हणून नाकारला गेलेला लेखक चिडून एक भडक विडंबन लिहितो, आणि तेच डोक्यावर घेतलं जातं. २०२३मध्ये त्यावर सिनेमा आला. बावीस वर्षांत विनोद शिळा झाला नव्हता.

हे सगळं अमेरिकेतलं, आपल्याला काय त्याचं, असं मराठी वाचकाने म्हणू नये. महात्मा फुल्यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतली गुलामगिरी मोडणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना. शंभर वर्षांनी मुंबईतल्या तरुणांनी आपल्या संघटनेला नाव दिलं तेही तिकडच्या पँथर्सवरून. आणि योगायोग बघा, ज्या १९७८मध्ये ‘किलर ऑफ शीप’ पहिल्यांदा लोकांपुढे आला, त्याच साली दया पवारांचं ‘बलुतं’ आलं. आपण ‘बलुतं’ची आठवण वेदनेचा दस्तऐवज म्हणून काढतो. ती आहेच. पण ते पुस्तक वाचताना लक्षात राहतो तो मुंबईतला कावाखाना, त्या वस्तीतली चिंध्या-भंगार वेचणारी बायामाणसं, त्यांची भांडणं, त्यांची प्रेमं, आणि स्वतःच्या दुबळेपणाबद्दल लेखकाने बाळगलेली विलक्षण निर्भीड लाज. पुढे मात्र आपण या लेखनाकडून हमखास तेच मागत राहिलो: जखम दाखवा. शहरात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये वाढलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या तिसऱ्या पिढीने आपल्या घटस्फोटावर कादंबरी लिहिली, तर ‘यात जात कुठे आहे?’ असं विचारायला आपले समीक्षक आणि वाहवा करताना ‘जातीच्या पलीकडची’ म्हणायला आपले वाचक तयारच असतात. ‘फँड्री’ या सिनेमात डुक्कर पकडायला पळणारं कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत कानावर पडताच जागच्या जागी थिजतं. तो क्षण आपल्याला कळला, कारण शाळेचं मैदान आपल्या ओळखीचं होतं. शेवटचा दगड आपण जास्त मिरवला. मला विचाराल तर राष्ट्रगीताचा प्रसंग दगडापेक्षा जोरात लागतो.

लिंडनर तर आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. माझा एक मित्र मुंबईत भाड्याने घर शोधत होता. फोनवर सगळं ठरलं, मग आवाज जरा खाली आला, “पूर्ण नाव काय म्हणालात?” नाव सांगितलं. “नाही म्हणजे माझं काही नाही हो, मी असलं मानत नाही. पण सोसायटीतले लोक जरा…” वाक्य पुरं झालं नाही. तशी वाक्यं कधीच पुरी होत नसतात. मित्राने ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि भाजी निवडायला बसला. बायकोने विचारलं, काय झालं? तो म्हणाला, डिपॉझिट जास्त मागतायत. या प्रसंगावर मोर्चा निघणार नाही, बातमी होणार नाही. पण त्या नवऱ्याने बायकोशी बोललेलं खोटं आणि मॉड मार्थाचं खोटं शेजारी शेजारी ठेवून पाहा.

आणि अमेरिकेतले आपले नातेवाईक? १९६५च्या नव्या स्थलांतर कायद्याने दार उघडल्यावर ते तिकडे गेले, उपनगरात घरं घेतली. त्यांच्या बैठकीत लिंडनर आला नाही याचं एक कारण एप्रिल १९६८चा घरविक्रीत भेद करायला बंदी घालणारा कायदा, मार्टिन ल्यूथर किंगच्या हत्येनंतर आठवड्याभरात सही झालेला. हे किती जणांना ठाऊक असतं? ‘आम्ही मेहनतीने वर आलो’ हे सगळ्यांना ठाऊक असतं. सुट्टीत गेलं की गाडीतून फिरवताना ते एखाद्या वळणावर काच वर करून सांगतात, “हा एरिया चांगला नाही.” एवढंच. या वाक्यावर कुणी तरी मराठीत कथा लिहायला हवी. भाषण नको.

ओरडणाऱ्या बाजूचाच एक साक्षीदार बोलावतो. अमिरी बराका हा कवी-नाटककार साठच्या दशकातला अत्यंत जहाल आवाज. ‘अ रेझिन इन द सन’ त्याला त्या वेळी मध्यमवर्गीय, घर घेण्याच्या स्वप्नात अडकलेलं वाटलं होतं. पंचवीस-एक वर्षांनी त्याने जाहीरपणे लिहिलं की आम्हाला त्या नाटकाचा गाभाच कळला नव्हता, बहुसंख्य काळ्या लोकांची झुंज तिथे होती. हर्स्टनच्या वाट्याला असं उशिराचं न्यायदान तिच्या हयातीत आलं नाही. ती १९६०मध्ये गरिबीत गेली, फ्लॉरिडात तिच्या थडग्यावर नावही नव्हतं. १९७३मध्ये ॲलिस वॉकर ही लेखिका गवतातून वाट काढत गेली आणि तिने दगड बसवला. आज त्या संदेश नसलेल्या कादंबरीशिवाय काळ्या अमेरिकेच्या साहित्याचा अभ्यास सुरूच होत नाही.

त्या दिवशी आमची चर्चा मात्र अशी कुठे पोहोचली नाही. आठ वाजले तसे लोक पांगायला लागले. प्राध्यापक पिशवी खांद्याला लावून उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. “पण मला एक सांगा,” ते म्हणाले, आणि आता आवाजात चर्चेचा सूर नव्हता, “त्यांनी ते इंजिन जरा आत का सरकवलं नाही? दोन इंचांचा प्रश्न होता.” कुणी म्हणालं, बोट चेंगरलं होतं. कुणी म्हणालं, तिसरा माणूस हवा होता, दुसऱ्या कुणाला तरी आणायला हवं होतं. खुर्च्या आवरणारा आमचा शिपाई मागे उभा राहून अर्धामुर्धा सिनेमा बघत होता, तो म्हणाला, “दमलेले होते ते, साहेब.” प्राध्यापक थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग पिशवी खाली ठेवली आणि परत खुर्चीवर बसले.